एका तहाचीं बावीस वर्षें

पॅरिस शहरांत ता. ६ फेब्रुवारी १७७८ रोजीं संध्याकाळीं दोन तहनाम्यांवर सह्या झाल्या. एका बाजूस युरोपांतील सर्वांत जुन्या व सर्वांत मानी राजघराण्याचा प्रतिनिधि जेरार, आणि दुसऱ्या बाजूस ज्या राष्ट्राचा जन्म होऊन पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं, त्याचे तीन वकील : बेंजामिन फ्रँक्लिन, सायलस डीन व आर्थर ली. फ्रँक्लिनसारखा साधा राहणारा गृहस्थ त्या दिवशीं एक जुना मखमली कोट घालून आला होता. चार वर्षांपूर्वीं लंडनमध्यें इंग्रज राजाच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर त्याला भर सभेंत वाटेल तसें बोलण्यांत आलें, त्या वेळीं त्याच्या अंगावर हाच कोट होता. त्या कोटाला थोडा सूड घेऊं द्यावा, असें तो म्हणाल्याची आठवण त्याच्या सहकाऱ्यांच्या गोटांतून पुढें आलेली आहे. म्हातारा हसतमुख होता, पण विसरणारा नव्हता.

या तहांत विसंगति भरपूर होती. राजसत्ता ईश्वरदत्त आहे असें मानणारा सोळावा लुई राजाविरुद्ध बंड करून उठलेल्या प्रजेशीं दोस्ती करीत होता. रोमन पंथाचें कट्टर राष्ट्र प्रॉटेस्टंट वसाहतींच्या हातांत हात देत होतें. शिवाय हे वसाहतवाले तरी फ्रेंचांचे स्नेही कोठें होते ? पंधरा-वीस वर्षांपूर्वीं ओहायो नदीच्या खोऱ्यांत फ्रेंचांशीं लढतांनाच त्यांनीं युद्धाचा पहिला धडा घेतला होता. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनची पहिली चकमक १७५४ सालीं फ्रेंचांशींच झाली. परंतु राजकारणांत स्नेहाला समान आवड लागत नाहीं, समान शत्रु पुरतो. आणि तो येथें हजर होता.

सप्तवार्षिक युद्ध संपून १७६३ सालीं पॅरिसचा तह झाला, त्यांत फ्रान्सनें कॅनडा गमावला, मिसिसिपीच्या पूर्वेकडील मुलूख गमावला, आणि हिंदुस्थानांत पाँडेचरी, चंद्रनगर अशीं थोडीं ठाणीं राखून साम्राज्याची आशा सोडून दिली. हा अपमान फ्रेंच दरबाराच्या मनांत सलत राहिला. आरमाराची नव्यानें उभारणी सुरू झाली, आणि १७७४ मध्यें परराष्ट्रखातें ज्याच्या हातीं आलें तो व्हर्जेन संधीची वाट पाहत बसला. त्याला अमेरिकनांच्या स्वातंत्र्याचें विशेष प्रेम होतें असें मानण्याचें कारण नाहीं. इंग्लंडच्या वैभवाचा एक मोठा खांब तेरा वसाहतींच्या व्यापारावर उभा आहे, तो काढला कीं इमारत खचेल, एवढाच त्याचा हिशेब. त्याला विरोध केला तो अर्थमंत्री तुर्गो यानें. या वसाहती आज ना उद्यां स्वतंत्र होणारच आहेत, त्यासाठीं फ्रान्सनें युद्धांत पडूं नये. खजिन्याची सुधारणा होण्यापूर्वीं युद्ध ओढवून घेतलें तर ती सुधारणा कायमची बुडेल, असें त्यानें १७७६ च्या एप्रिलमध्यें लेखी कळविलें. मे महिन्यांत त्याला पदावरून दूर करण्यांत आलें. त्याच्या पदच्युतीचीं कारणें बहुतेक घरगुती राजकारणाचीं होतीं. पण सल्ला मात्र त्याच्याबरोबर बाहेर गेला.

उघड युद्ध करण्याची तयारी होईपर्यंत चोरून मदत करावयाची असें ठरलें, आणि हें काम सोंपविण्यांत आलें एका नाटककाराकडे ! ‘सेव्हिलचा न्हावी’ या प्रहसनानें पॅरिसला हसविणारा बोमार्शे यानें एक खोटी व्यापारी पेढी काढली, तिला रॉड्रिग ओर्तालेझ असें स्पॅनिश वळणाचें नांव दिलें, आणि राजाकडून दहा लक्ष लीव्र व स्पेनकडून तेवढेच घेऊन त्या भांडवलावर बंदुका, तोफा, दारू, तंबू व कपडे अमेरिकेकडे रवाना केले. हें सगळें उसनें आहे कीं बक्षीस, हें मात्र कोणीं नीट लिहून ठेवलें नाहीं. पेढीचा मालक पैसे मागत राहिला, अमेरिकन काँग्रेस ही तर राजाची देणगी असें म्हणत राहिली, आणि तो वाद इतका लांबला कीं बोमार्शेच्या वारसांना त्याचा निकाल १८३५ सालीं आठ लक्ष फ्रँक घेऊन लावावा लागला. बंदुका मात्र वेळेवर पोंचल्या होत्या.

फ्रँक्लिन १७७६ च्या डिसेंबरांत फ्रान्सला आला. विजेचें गूढ उकलणारा तत्त्वज्ञ म्हणून त्याची कीर्ति त्याच्या आधींच तेथें पोंचली होती. टोप न घालतां, डोक्यावर केसाळ चामड्याची टोपी चढवून तो पॅरिसच्या दिवाणखान्यांत वावरूं लागला, आणि त्या टोपीचीच तेथें फॅशन झाली. त्याच्या घरीं मात्र एक भोंक पडलें होतें. वकिलातीचें लिहिण्याचें काम पाहणारा एडवर्ड बॅन्क्रॉफ्ट हा इंग्रजांचा पगारी हेर होता. त्याचे खलिते बाटलींत घालून तुइलरीच्या बागेंतील एका झाडाच्या ढोलींत ठेवले जात, आणि तेथून लंडनला जात. तहाची वार्ताहि त्यानें अशीच तत्काळ कळविली. हा माणूस सन्मानानें जगून सन्मानानें मेला; त्याचें बिंग शंभर वर्षांनंतर सरकारी दप्तरें खुलीं झालीं तेव्हां फुटलें. विनोदाची गोष्ट ही कीं एवढी पक्की बातमी हातीं असूनहि इंग्लंडच्या राजाला ती पटावयाची नाहीं; हा हेर शेअरबाजारांत सट्टा खेळतो, तेव्हां तो विश्वासास पात्र नाहीं, असें तिसऱ्या जॉर्जचें मत होतें.

पुढें घटना भराभर घडल्या. ता. १७ ऑक्टोबर १७७७ रोजीं कॅनडाकडून खालीं उतरणारा इंग्रज सेनापति बर्गॉइन सॅराटोगा येथें आपल्या जवळजवळ सहा हजार फौजेसह शरण गेला. ही बातमी डिसेंबरच्या आरंभीं पॅरिसला येतांच व्हर्जेनची द्विधा मनःस्थिति संपली. त्याला भीति पडली ती निराळीच : हरलेलें इंग्लंड आतां वसाहतींना सढळ हातानें सवलती देईल, भाऊ-भाऊ पुन्हा एक होतील, आणि फ्रान्सचा डाव हुकेल. फ्रँक्लिननें ही भीति मोठ्या कुशलतेनें जोपासली. इंग्रज दूतांशीं तो उघडपणें भेटीगांठी घेई, आणि त्या फ्रेंचांच्या नजरेस पडतील अशी व्यवस्थाहि ठेवी.

दोन तहांपैकीं एक व्यापाराचा, दुसरा दोस्तीचा. व्यापाराच्या तहांत तटस्थांच्या जहाजांवरील माल शत्रूचा असला तरी तो जप्त करूं नये, असें तत्त्व होतें. दोस्तीच्या तहांतील दोन कलमें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत, कारण पुढील सारी कथा त्यांच्या भोंवतीं फिरते. आठव्या कलमानें उभयतांनीं असें कबूल केलें कीं, दुसऱ्याच्या संमतीशिवाय कोणीहि इंग्लंडशीं तह करावयाचा नाहीं, आणि अमेरिकेचें स्वातंत्र्य निश्चित झाल्यावांचून शस्त्र खालीं ठेवावयाचें नाहीं. अकराव्या कलमानें फ्रान्सनें अमेरिकेच्या स्वातंत्र्याची हमी दिली, व उलट अमेरिकेनें फ्रान्सच्या राजमुकुटाकडे अमेरिका खंडांत असलेल्या प्रदेशांची, म्हणजे मुख्यतः वेस्ट इंडीजमधील साखरेच्या बेटांची, हमी दिली. मुदत ? सर्वकाळ.

या तहाचे धक्के पार पुण्याच्या दरबारापर्यंत पोंचले. सेंट लुबिन नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ १७७७ सालींच कोंकणच्या किनाऱ्यास उतरून पुण्यास आला होता, आणि नाना फडणिसांनीं त्याचा दरबारांत केलेला सन्मान पाहून मुंबईचे इंग्रज अस्वस्थ झाले होते. त्याच्या अंगीं बढाईच जास्त होती. परंतु इंग्रजांना घाबरविण्यापुरता नानांना त्याचा उपयोग होता. कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्स यानें फ्रेंचांचा हा धोका पुढें करूनच काल्पीहून खुष्कीच्या मार्गानें फौज पश्चिमेकडे धाडली. सॅराटोगाची वार्ता तेथें येतांच कौन्सिलांतील कांहीं सभासद ती फौज परत बोलवा म्हणूं लागले. हेस्टिंग्सचें उत्तर उलट आलें : पश्चिमेंत इंग्रजांची इभ्रत गेली असेल तर पूर्वेंत ती भरून काढणें हें आपलें कर्तव्य अधिकच ठरतें. फ्रान्सशीं युद्ध जुंपल्याची खबर १७७८ च्या जुलैंत कलकत्त्यास आली. त्याच महिन्यांत चंद्रनगर इंग्रजांनीं घेतलें, आणि ऑक्टोबरांत पाँडेचरीहि पडली. पुढल्या जानेवारींत वडगांवला मुंबईकर इंग्रजांची जी फजिती झाली ती मराठी वाचकांना सांगावयास नको. मात्र १७८२ च्या सालबाईच्या तहांत पेशव्यांनीं पोर्तुगीजांखेरीज इतर युरोपियनांना आपल्या राज्यांत नवी वखार घालूं देऊं नये, असें कलम इंग्रजांनीं घातलें, तें या फ्रेंच भयाचेंच फळ होय.

अमेरिकेंतील युद्ध आरंभीं कांहीं वळणावर येईना. द’एस्तें याचें आरमार १७७८ मध्यें न्यूपोर्टला व १७७९ मध्यें सॅव्हानाला अपेशी ठरलें, आणि अमेरिकन लोक नव्या दोस्तांविषयीं कुरकुरूं लागले. स्पेन १७७९ सालीं युद्धांत आला तो फ्रान्सचा दोस्त म्हणून, अमेरिकेचा नव्हे. स्वतःच्या विस्तीर्ण वसाहती असणाऱ्या राजाला बंडखोरांशीं सोयरीक नको होती. त्याला हवा होता जिब्राल्टर, आणि तो मिळेपर्यंत युद्ध थांबवावयाचें नाहीं, असें वचन त्यानें फ्रान्सकडून घेतलें. म्हणजे फ्रान्सशीं बांधलेले व्हर्जिनियाचे शेतकरी नकळत भूमध्यसमुद्राच्या तोंडावरील एका खडकालाहि बांधले गेले.

सगळें जुळून आलें तें एकदांच. रोशांबोची सुमारें साडेपांच हजार फ्रेंच फौज १७८० पासून न्यूपोर्टला बसून होती. इंग्रज सेनापति कॉर्नवॉलिस १७८१ च्या उन्हाळ्यांत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर यॉर्कटाऊन येथें तळ देऊन राहिला. समुद्र आपला आहे, तेव्हां पाठ सुरक्षित आहे, असा त्याचा भरंवसा. तोच समुद्र वेस्ट इंडीजहून आलेल्या द ग्रासच्या अठ्ठावीस लढाऊ जहाजांनीं अडविला. ता. ५ सप्टेंबर रोजीं चेसापीकच्या मुखापाशीं झालेली आरमारी लढाई पाहावयास गेलें तर बरोबरीची होती. कोणाचें मोठेंसें नुकसान झालें नाहीं. परंतु इंग्रज आरमार परत फिरलें, आणि अमेरिकेचा निकाल जेथें एकहि अमेरिकन हजर नव्हता अशा लढाईनें लागला. वॉशिंग्टन व रोशांबो जमिनीवरून येऊन भिडले. ता. १९ ऑक्टोबरला सात हजारांवर इंग्रज फौज शरण आली. कॉर्नवॉलिस आजाराचें निमित्त करून तंबूंतच राहिला. त्याच्या दुय्यमानें तलवार द्यावयाची ती आधीं रोशांबोपुढें केली. राजाच्या सेनापतीपुढें हरणें बरें, बंडखोरापुढें नको ! रोशांबोनें वॉशिंग्टनकडे बोट दाखविलें, आणि वॉशिंग्टननें आपल्या दुय्यमाकडे. हाच कॉर्नवॉलिस पुढें पांच वर्षांनीं हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि मराठे व निजाम यांना बरोबर घेऊन टिपूवर चालून गेला.

आतां आठव्या कलमाची परीक्षा होती. तहाच्या वाटाघाटींत फ्रेंच दरबाराच्या सल्ल्यानें वागावें, असा काँग्रेसचा आपल्या वकिलांना स्पष्ट हुकूम होता. पण वकिलांपैकीं जॉन जे हा मूळचा संशयी, आणि व्हर्जेनचा सचिव गुप्तपणें इंग्लंडला जाऊन आल्याचें त्याला कळलें. स्पेनला खूष करण्यासाठीं फ्रान्स आपल्याला मिसिसिपीपर्यंतचा मुलूख मिळूं देणार नाहीं, हा त्याचा संशय अगदींच निराधार नव्हता. जॉन अॅडॅम्सनें त्याला उचलून धरलें, फ्रँक्लिननें मान डोलावली, आणि ता. ३० नोव्हेंबर १७८२ रोजीं फ्रेंचांना न विचारतां इंग्रजांशीं तहाचीं प्राथमिक कलमें ठरलीं. फ्रान्सशीं तह झाल्यावरच हीं कलमें अंमलांत यावयाचीं अशी अट घालून अक्षर पाळलें गेलें. अर्थाचें काय झालें तें सांगावयास नको. व्हर्जेननें कडक शब्दांत जाब विचारला. फ्रँक्लिनचें उत्तर मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून अजून वाचलें जातें : आमच्याकडून शिष्टाचारांत चूक झाली खरी, पण आम्हां दोघांत फूट पडली अशी इंग्रजांची समजूत झाली आहे, ती खोटी ठरावी एवढीच इच्छा. त्याच सुमारास नव्या कर्जाची मागणीहि चालू होती, आणि साठ लक्ष लीव्रांचें कर्ज मिळालेंहि ! व्हर्जेनच्या बाजूनें पाहिलें तर दुसरा मार्ग नव्हता. आतां भांडावें तर आजवरचें सारें द्रव्य पाण्यांत. आणि मनांतून त्याला जिब्राल्टरच्या पायांतून सुटण्यास हें निमित्त बरेंच वाटलें असावें.

अखेरचे तह ता. ३ सप्टेंबर १७८३ रोजीं झाले. अमेरिकेस मिसिसिपीपर्यंतचा प्रदेश मिळाला, स्पेनला मिनॉर्का व फ्लॉरिडा. आणि ज्यानें सगळ्यांचा खर्च सोसला त्या फ्रान्सला टोबॅगोचें बेट व सेनेगल. हिंदुस्थानांत बुसीची फौज नुकतीच येऊन पोंचली होती, सुफ्रेंचें आरमार इंग्रजांस दाद देत नव्हतें, तोंच युरोपांत तह झाल्याची बातमी आली, आणि मंगळूरच्या वेढ्यांत टिपूबरोबर लढणारे फ्रेंच बाजूस झाले. दोस्ताला विचारल्याशिवाय केलेल्या तहाची चव टिपूनेंहि चाखली.

फ्रान्सचा या युद्धावरील खर्च शंभर कोटी लीव्रांहून अधिक झाला, आणि तो जवळजवळ सर्व कर्जानें भागविला गेला. राज्यक्रांतीच्या आदल्या वर्षीं सरकारी खर्चाचा निम्मा भाग व्याजांत व हप्त्यांत जात होता. त्यांतून मार्ग काढण्यासाठीं १७८९ च्या मे महिन्यांत लोकप्रतिनिधींची सभा बोलवावी लागली, आणि पुढें काय झालें तें जगजाहीर आहे. केवळ अमेरिकेच्या युद्धानें क्रांति झाली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. कराचा बोजा गरिबांवर व सवलती सरदारांस, हा रोग जुना होता. परंतु तुर्गोची भीति खरी ठरली. अमेरिकेंत लढून परतलेला लाफाएत यानें पाडलेल्या बास्तीय तुरुंगाची किल्ली वॉशिंग्टनला भेट म्हणून धाडली. ती आजहि वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन येथील घरांत आहे.

ता. २१ जानेवारी १७९३ रोजीं सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, आणि ता. १ फेब्रुवारीला फ्रान्सनें इंग्लंडशीं युद्ध पुकारलें. आतां वेस्ट इंडीजच्या बेटांचें काय ? ‘सर्वकाळ’ या शब्दाचें ओझें पंधरा वर्षांतच अंगावर आलें. वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळांत दोन तट पडले. हॅमिल्टन म्हणे, तह झाला तो राजाशीं. राजा गेला, मुकुट गेला, सबब तह निदान तहकूब समजावा. जेफर्सन म्हणे, तह राष्ट्राराष्ट्रांत होतात. भाडेकरू बदलला म्हणून करार मोडत नाहीं. वाद कायद्याचा दिसे, पण त्याच्या मुळाशीं दोघांचे स्वभाव होते : एकाची नजर इंग्लंडच्या व्यापाराकडे व त्यावरील जकातीकडे, दुसऱ्याची फ्रान्सच्या नव्या लोकसत्तेकडे. वॉशिंग्टननें तह कायम असल्याचें जेफर्सनचें म्हणणें मान्य केलें, आणि ता. २२ एप्रिलला दोन्ही पक्षांशीं मैत्रीचें व निःपक्षपाताचें वर्तन ठेवण्याचा जाहीरनामा काढला. ‘तटस्थता’ हा शब्द त्यांत मुद्दाम वापरला नाहीं. फ्रान्सनें बेटांच्या रक्षणाची औपचारिक मागणी केलीच नाहीं. अमेरिकेपाशीं तेव्हां एकहि लढाऊ जहाज नव्हतें. तटस्थ दोस्ताचें धान्यच फ्रान्सच्या अधिक उपयोगीं होतें.

प्रकरण बिघडविलें तें वकिलानें. झने हा तिशीचा तरुण चार्ल्स्टन बंदरीं उतरला, आणि राष्ट्राध्यक्षाला भेटण्यापूर्वींच अमेरिकन खलाशांना इंग्रज जहाजें लुटण्याच्या सनदा वांटूं लागला. गांवोगांव त्याचे सत्कार झाले, मेजवान्या झडल्या, आणि त्याचें डोकें फिरलें. राजधानी फिलाडेल्फियाच्या बंदरांतच त्यानें एका पकडलेल्या इंग्रज जहाजावर तोफा चढविल्या, आणि मनाई होतांच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध जनतेकडे दाद मागण्याची धमकी दिली. त्याचा पाठीराखा जेफर्सन यालाहि हें सहन होईना. परत बोलावणें आलें तेव्हां पॅरिसांत त्याच्या पक्षाचे लोक गिलोटिनखालीं गेले होते, आणि नवा वकील त्याला पकडण्याचा हुकूम घेऊन आला होता. ज्या वॉशिंग्टनला त्यानें धमकाविलें त्यानेंच त्याला आश्रय दिला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरच्या मुलीशीं लग्न करून हा क्रांतिवीर शेती करीत १८३४ पर्यंत सुखानें जगला.

त्यानंतर दोस्तीची घसरण कोणाला आवरतां आली नाहीं. जॉन जे यानें १७९४ मध्यें इंग्लंडशीं तह केला. त्यांत तटस्थ जहाजांवरील शत्रूचा माल जप्त करण्याचा इंग्रजांचा हक्क मान्य झाला. म्हणजे फ्रान्सला जें नाकारलें तें इंग्लंडला दिलें. फ्रान्सनें मग इंग्रजांप्रमाणेंच वागावयाचें ठरविलें, आणि १७९७ च्या मध्यापर्यंत तीनशेंहून अधिक अमेरिकन व्यापारी जहाजें पकडलीं गेलीं. नवा अध्यक्ष अॅडॅम्स यानें तीन वकील पॅरिसला पाठविले. परराष्ट्रमंत्री तालेराँ यानें आपल्या दलालांकरवीं त्यांना निरोप दिला कीं, भेट हवी असेल तर आधीं मंत्र्यांसाठीं सुमारें पन्नास हजार पौंड व सरकारला एक मोठें कर्ज द्यावें लागेल. हाच तालेराँ क्रांतीच्या धामधुमींत दोन वर्षें अमेरिकेंत आश्रयास राहिला होता ! दलालांचीं नांवें एक्स, वाय, झेड अशीं झांकून अॅडॅम्सनें ही हकीकत १७९८ च्या एप्रिलमध्यें प्रसिद्ध केली, तेव्हां देशभर संतापाची लाट उठली. स्वतंत्र आरमारखातें उभें राहिलें, आणि ता. ७ जुलै १७९८ रोजीं काँग्रेसनें फ्रान्सशीं झालेले सर्व तह रद्द ठरविले. जाहीर न केलेलें युद्ध दोन वर्षें समुद्रावर चाललें. फ्रेंच पैशानें व बंदुकांनीं जन्मास आलेल्या राष्ट्राच्या आरमारानें आपला पहिला नांवाजलेला विजय मिळविला तो ‘लँसुर्जांत’ या फ्रेंच जहाजावर, १७९९ च्या फेब्रुवारींत.

हॅमिल्टनच्या गटाला उघड युद्ध हवें होतें. अॅडॅम्सनें स्वपक्षाचा रोष पत्करून पुन्हा वकील धाडले. तोंवर फ्रान्सची सत्ता बोनापार्टच्या हातीं गेली होती. ता. ३० सप्टेंबर १८०० चा करार मॉर्तफाँतेनचा करार म्हणून ओळखला जातो. त्याला मान्यता मिळतां मिळतां जी अखेरची तडजोड निघाली ती अशी : फ्रान्सनें १७७८ च्या हमीचा हट्ट सोडावा, आणि अमेरिकेनें आपल्या व्यापाऱ्यांच्या पकडलेल्या जहाजांची भरपाई मागूं नये. दुकानदाराच्या वहींत जमा व खर्च एकमेकांसमोर मांडून खातें बंद करावें तसा हा प्रकार झाला. अॅडॅम्सला शांतता मिळाली व अध्यक्षपद गेलें. पुढल्याच वर्षीं जेफर्सननें आपल्या पहिल्या भाषणांत गुंतवून टाकणाऱ्या दोस्त्यांविषयीं इशारा दिला. लोक तो शब्द उगाच वॉशिंग्टनच्या नांवावर घालतात. युरोपीय राष्ट्रांशीं शांततेच्या काळांत लष्करी दोस्तीचा तह अमेरिकेनें पुन्हा केला तो १९४९ सालीं.

व्यापाऱ्यांचें मात्र खातें बंद झालें नव्हतें. आमच्या जहाजांचे पैसे देऊन सरकारनें स्वतःची सुटका विकत घेतली, तेव्हां आतां ते सरकारनेंच भरावे, असे अर्ज काँग्रेसकडे वर्षानुवर्षें येत राहिले. दोन वेळां त्यासाठीं कायदा संमत झाला; १८४६ सालीं अध्यक्ष पोकनें व १८५५ सालीं अध्यक्ष पिअर्सनें तो नामंजूर केला. शेवटीं १८८५ च्या कायद्यानें हीं प्रकरणें न्यायालयाकडे सोंपविण्यांत आलीं, आणि पुढच्याच वर्षीं न्यायालयानें व्यापाऱ्यांचें म्हणणें रास्त ठरविलें. तोंपर्यंत जहाजांचे धनी मरून दोन पिढ्या लोटल्या होत्या. अर्जांवर सह्या होत्या त्या नातवंडांच्या व पणतवंडांच्या.